अपघातानंतर मानसिक त्रास, एमएसीटीत (अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये) इन्शुरन्सवाले म्हणतात नाटक आहे

नमस्कार. दादाचा दोन वर्षांपूर्वी हायवेला अपघात झाला, डोक्याला मार होता. हाडं जुळली पण माणूस पहिला राहिला नाही, लगेच भडकतो, सांगितलेलं विसरतो, टेम्पो चालवायचा तो आता स्टेअरिंगला हात लावत नाही. सिव्हिलच्या बोर्डाने 45 टक्के मानसिक अपंगत्व दिलंय. इन्शुरन्सच्या डॉक्टरने अर्धा तास बघून लिहिलं की विशेष काही नाही, आणि त्यांचे वकील वहिनीला तोंडावर म्हणाले हातपाय तर धड आहेत. आमचे डॉक्टर कोर्टात यायला तयार नाहीत. दुसरीकडून जास्त टक्क्यांचं सर्टिफिकेट आणावं का?

कोर्टकचेरी: अजिबात आणू नका ताई. राजकुमार विरुद्ध अजयकुमार वाचायला सांगा तुमच्या वकिलांना, सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल आहे. मागाल तसं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा असं त्यात ट्रिब्युनललाच बजावलंय. डॉक्टरने अपंगत्व सांगायचं, कमाई किती बुडाली ते ट्रिब्युनल ठरवणार. डावा हात गेला तर सुताराचं सगळंच गेलं, कारकुनाची नोकरी राहू शकते, हे उदाहरण त्यातलंच. दादा ड्रायव्हर आहे यावर जोर द्या. आणि नुसता कागद पुरत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते. समन्स काढा, ठराविक वेळ मागा, नाहीतर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर, दवाखान्यातच साक्ष नोंदवता येते.

मनोविकार_ओपीडी: मी सायकियाट्रिस्ट आहे. हे टक्के आयडियाज या मानसिक अपंगत्व मोजायच्या स्केलवरून येतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला 0 ते 4, वर आजार किती काळापासून आहे त्याचे मार्क. आजार अपघातानेच झाला का, हा प्रश्नच त्यात नाही! ते डॉक्टरांनी वेगळं लिहायला हवं, आधी कसा होता, नंतर काय बदललं, स्कॅनमध्ये मार कुठे दिसतो. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेला पेशंट अर्धा तास छान गप्पा मारतो, घरी गेल्यावर ताट भिरकावतो, त्यामुळे एका भेटीत लिहिलेल्या रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही. पण ट्रीटमेंट करणारा डॉक्टर पेशंटच्या बाजूनेच बोलणार असंही समोरचे म्हणणार, म्हणून न्यूरोसायकॉलॉजीच्या, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणाऱ्या टेस्ट तिसऱ्याच ठिकाणी करून घ्या, मुद्दाम चुकीची उत्तरं देतोय का हे तपासायची सोयही त्यात असते.

साताऱ्याची_मीना: आमच्या ह्यांच्या केसमध्ये उलटतपासणीत मधल्या पाच महिन्यांवरच धरलं, तेव्हा पैसे नव्हते म्हणून ओपीडीला गेलो नव्हतो, तर म्हणे बरे झाले होते. तुमचा असा गॅप असेल तर कारण आधीच सांगून टाका. आणि गाडीमालकाला साक्षीला घ्या, आधीचा माणूस त्यांनी रोज पाहिलेला असतो.

धागाकर्ती: तीन महिन्यांचा गॅप आहे, वहिनी बाळंतपणाला माहेरी होती, दादाला न्यायला कोणी नव्हतं. उद्याच वकिलांना सांगते. मालक येतील, ते अजून दर दिवाळीला घरी येतात.