पोट आधी की मत आधी?

दुसरी_बाजू :
वादविवाद स्पर्धेत माझ्या वाट्याला आलेली बाजू अशी : ‘गरीब देशाने आधी विकास साधावा, हक्कांचं नंतर बघावं.’ वाटलं, सोपं आहे. सिंगापूर, दक्षिण कोरिया, चीन ही तीन नावं घेतली की काम झालं. पण तयारीसाठी १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला आणि पंचविसाव्या कलमापाशी अडकलो. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी हे सगळं तिथे हक्क म्हणूनच लिहिलंय. मग ‘हक्क नंतर’ म्हणजे नक्की काय नंतर? जेवणसुद्धा? की फक्त मत आणि भाषण? ही फोड कुणी केली? समोरच्या संघाने हे विचारलं तर माझी दांडी गुल.

तिरकस :
एवढा काय अडकतोस? भुकेल्या माणसाला जाहीरनामा वाचून दाखव आणि बघ तो काय म्हणतो. चीनने चाळीस वर्षांत जवळजवळ ८० कोटी लोक टोकाच्या गरिबीतून वर काढले, हे जागतिक बँकच सांगते. तेही बहुपक्षीय निवडणूक न घेता. एवढं बोल, टाळ्या घे, खाली बस.

शाईचा_डाग :
तिरकसराव, आकड्याला माझा हात लागत नाही, तो बरोबर आहे. पण मुलाने प्रश्न चांगला विचारलाय, त्याला असं वाटेला लावू नका.

आधी फोड कुणी केली ते. शीतयुद्धाने. जाहीरनाम्यावरून एकच करार व्हायचा होता, १९६६ साली झाले दोन. एकात मत, भाषण, न्याय. दुसऱ्यात काम, अन्न, आरोग्य, शिक्षण. अमेरिकेने दुसऱ्यावर १९७७ साली सही केली, मंजुरी अजून नाही. चीनने पहिल्यावर १९९८ साली सही केली, मंजुरी त्यालाही नाही. दोघांनी आपल्याला नडणारं अर्धं टोपलीखाली झाकलंय आणि समोरच्याला उघड्यावरचं दाखवतात.

मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दर वर्षी पहिल्या आठवड्यात वर्गाला चिठ्ठ्या द्यायची : ‘एक हक्क सोडायचाच असेल तर कुठला सोडाल?’ बहुतेक जण भाषणस्वातंत्र्य लिहायचे. अन्न कुणीच नाही. मी चिठ्ठ्या मोजताना चारपाच मुद्दाम बाजूला सारायची आणि निकाल सांगून टाकायची. हमखास कुणीतरी उठायचं, “बाई, माझी चिठ्ठी मोजलीच नाही!” मी म्हणायची, “बोलायचा हक्क तूच सोडलास ना? बस.” एका वर्षी एक मुलगी बसलीच नाही, उभीच राहिली तास संपेपर्यंत. तिला मी आजवर विसरलेले नाही.

आता हीच गंमत धान्याच्या बाबतीत झाली की काय होतं? चीनच घ्या. १९५८ नंतर खालच्या अधिकाऱ्यांनी पीक फुगवून कळवलं, वरून त्या फुगलेल्या आकड्यावर धान्य उचललं गेलं, निर्यातही चालूच राहिली. खोटं आहे म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. १९६१ पर्यंत किती माणसं गेली? कमीत कमी अंदाज दीड कोटीचा, काही अभ्यासक चार कोटींच्याही वर जातात. तुमच्या ८० कोटींची चढण १९७८ नंतर सुरू होते. पक्ष तोच होता, निवडणूक तेव्हाही नव्हती. मग श्रेय निवडणूक नसण्याला कसं देणार?

अमर्त्य सेन म्हणतात ते हेच : चालती लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असतील तिथे मोठा दुष्काळबळीचा प्रसंग येत नाही. १९४३ च्या बंगालमध्ये सरकारने दुष्काळ जाहीरच केला नव्हता. वर्तमानपत्रात प्रेतांचे फोटो छापून आले तेव्हा कुठे तो झाकता येईना.

मात्र (हे तुझ्या बाजूचं आहे, वहीत लिहून घे) रोज अर्धपोटी राहून हळूहळू खंगणाऱ्या मुलाचा फोटो कुणी छापत नाही. तिथे लोकशाह्याही निर्लज्जपणे झोपा काढतात.

घासलेली_पट्टी :
बाईंशी सहमत, पण कागदावरचा हक्क शेवटी कागदावरच राहतो. दक्षिण आफ्रिकेतली आयरीन ग्रूटबूम. झोपडी पाडली म्हणून लढली, २००० साली घटना न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी सरकारी योजनेत काहीच नसणं अवाजवी आहे, असं न्यायालय म्हणालं. जगभर वकील हा निकाल शिकतात. आणि ती २००८ मध्ये गेली तेव्हाही झोपडीतच राहत होती.

दुसरी_बाजू :
बापरे. आणि कोरिया? तोही गेला का हातातून?

शाईचा_डाग :
निम्मा. वाढ पार्क चुंग हींच्या हुकूमशाहीत झाली, हे खरं. पण कुळांना जमिनी १९५० च्या आसपास, म्हणजे ते सत्तेवर येण्याच्या दहाएक वर्षं आधीच मिळाल्या होत्या. तो पाया. १९८७ ला लोक रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवतात आणि १९८९ पर्यंत आरोग्य विमा सगळ्यांपर्यंत पोचतो. विम्याची सुरुवात हुकूमशाहीतच झाली होती म्हणा, तेही सांगायला हवं. आणि हुकूमशहा मोजायचेच तर झाईरचे (म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे) मोबुटूही मोजा. तीस वर्षांवर सत्ता, देश धुऊन नेला. उलट बोत्स्वाना १९६६ पासून बहुपक्षीय निवडणुका घेत वाढत राहिला, हिऱ्यांच्या जोरावर का होईना. सिंगापूर एवढंसं शहर, त्यावरून नियम काढू नकोस.

तुझी बाजू तू सोडू नकोस, स्पर्धाच आहे ती. फक्त ‘हक्क नंतर’ म्हणू नकोस, ‘पैशाशिवाय निकाल अंमलात येत नाही’ म्हण. त्याला उत्तर देणं मलाही जड जाईल. आणि ग्रूटबूमचं नाव तूच पहिल्या मिनिटात घे, समोरच्यांनी घेण्याआधी.

तिरकस :
बाई, मी चिठ्ठीवर भाषणस्वातंत्र्यच लिहिलं असतं. मागे घेतो.