भंडारदऱ्याचं पाणी, पायी : तुमचे अनुभव लिहा

भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. धरण, रंधा धबधबा, अंब्रेला फॉल, रतनवाडीचं देऊळ, यादी तयार असते. जिथे गाडी थांबते तो पॉइंट! पण धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा पाण्याला वळसा घालत रस्ता पुन्हा धरणाशी येतो. हा फेरा ४० किलोमीटरच्या पुढेच जातो. त्याच्या दोन्ही अंगांना ज्या पायवाटा फुटतात, त्यांच्याबद्दल धड कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं, १९२६ मध्ये पुरं झालं. मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. तुडुंब भरलं की ११,०३९ दशलक्ष घनफूट, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो. आपण चालणाऱ्यांनीही तो डोक्यात ठेवावा असं मला वाटतं, कारण इथली काठाची वाट पाण्यावर ठरते. सप्टेंबरात जिथे पाणी असतं, तिथून मे महिन्यात गुरं चालत जातात. म्हणून एकच अट: कुठल्या महिन्यात गेलात ते लिहाच. सुरुवात कोण करतंय?

कातळकोर

मीच करतो. मे महिना, मुरशेत ते पांजरे. डांबरी रस्ता सोडून सरळ पाण्याकडे उतरलो. उन्हाळ्यात पाणी इतकं मागे हटतं की काठ आणि रस्ता यांच्यात भलंमोठं उघडं रान पडतं. वरच्या भागात भेगाळलेली माती, तिच्यात गुरांचे खूर जसेच्या तसे वाळून बसलेले. त्यावरून चालताना घोटा मुरगळतो, तेव्हा बूट उंचच घाला. खाली उतरावं तशी माती काळी, मऊ होत जाते. बारक्या शिंपल्या पायाखाली करकरतात. पाण्याच्या कडेला टिटव्या, आणि आपण जवळ गेलो की त्यांचा जो कालवा सुरू होतो तो पुढच्या वळणापर्यंत सोबत करतो.

मला सगळ्यात आवडलं ते बांध. पाण्याखालून वर आलेले दगडी बांध, एकावर एक पायऱ्यांनी उतरत थेट पाण्यात गेलेले. कुणाची तरी भातखाचरं असणार. शंभर वर्षांत दरवर्षी बुडून, दरवर्षी वर येऊन दगड अजून रचलेले आहेत. धरणाची सगळे वाहवा करतात, पण ते बांध रचणाऱ्याचा हातही काही कमी नव्हता.

मागे कळसूबाई अख्खी दिसते. सकाळी नऊनंतर मात्र चालू नका, सावलीला एक झुडूप नाही.

साम्रदची लेक

दादा, ते बांध आमच्या आजीच्या बोलण्यात सारखे यायचे. मी साम्रदची, आता कल्याणला असते. साम्रद ते रतनवाडी रानातून जाणारी वाट आमची रोजची होती. लोक आता तिला ट्रेक म्हणतात, त्याची गंमत वाटते.

त्या वाटेवर हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात आई आम्हाला पहाटे उठवून बाळहिरडा गोळा करायला न्यायची. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ, वाळवलं की काळं, सुरकुतलेलं, जेमतेम बोटाच्या पेराएवढं. मोठ्या हिरड्यापेक्षा त्याला भाव चांगला. आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातून निघायचे. तेव्हा त्या झाडाखाली तंबू ठोकायचा असेल तर फांद्या तोडून शेकोटी करू नका, एवढं सांगते. कुणाच्या तरी घरची ती मिळकत असते.

आणि सांदण! जो तो साम्रदला सांदणच बघायला येतो. बघा की, जरूर बघा, जमिनीला पडलेली एवढी अरुंद, खोल घळ दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? पण पावसाळ्यात तिच्यात उतरायचं नाही. वर ऊन दिसत असलं तरी डोंगरात पडलेलं पाणी कधी लोंढ्यानं येईल सांगता येत नाही, आणि आत बाजूला व्हायला जागाच नसते. गावातला माणूस नको म्हणाला की नको.

गुडघेदुखी

ताई, एकदम पटलं. मी साठी ओलांडलेली बाई, नाशिकहून आमचा बायकांचा गट जातो. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला रतनगड केला. रतनवाडीतून चढलो आणि त्र्यंबक दरवाजातून साम्रदला उतरलो.

पहिला टप्पा प्रवरेच्या काठाकाठाने. नदी इथे इतकी लहान की दगडावर पाय देत पलीकडे जायचं, पुन्हा अलीकडे यायचं. पावसाळ्यात याच ओलांडण्या अवघड होतात, म्हणून आम्ही पाऊस सरायची वाट बघितली. मग दाट झाडी. एका जागी वाट फुटते, सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे. आपल्याला वर वळायचं. झाडी संपली की लोखंडी शिड्या. सगळ्यांना धडकी भरवतात त्या याच. माझं म्हणणं असं की शिड्या बऱ्या, हाताला धरायला काहीतरी असतं. खरी परीक्षा त्र्यंबक दरवाजाच्या उतरणीला. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, झिजलेल्या. मी बसून बसून उतरले, आणि त्याची मुळीच लाज वाटली नाही.

माथ्यावर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक होती. नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, चढलो तेव्हा वारा असा की ओढण्या कमरेला बांधाव्या लागल्या. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाई, दुसरीकडे खाली सगळं पाणी. वरून बघितल्यावर कळलं की हे तळं गोल नाहीच मुळी. डोंगराच्या प्रत्येक घळीत त्याचं एकेक बोट शिरलेलं आहे. काठाची वाट एवढी लांबते ती यामुळेच. समोर दिसणारं गाव गाठायला तासभर वळसा घालावा लागतो.

एसटीवाला

काकू, याच कारणासाठी होडी! धरणाकडून रतनवाडीच्या बाजूला होडीनं गेलो की अर्धा दिवस वाचतो. डिसेंबरात गेलो होतो, पाणी भरपूर होतं. मेमध्ये होडी कुठवर जाईल ते आधी विचारा.

ऑगस्टचंही थोडक्यात लिहितो. घोटीहून एसटीनं बारीवरून शेंडी. बारीला निम्मी गाडी रिकामी झाली, सगळे कळसूबाईवाले. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांग. मी पुढे. कोलटेंभ्याच्या बाजूला रस्त्यानंच चाललो, पायवाटांवर पाणीच पाणी. दर वळणाला एक धबधबा, शेवटी मान वर करायचं सोडून दिलं. रतनवाडीच्या देवळात, अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात, पाणी होतं, पिंडी दिसली नाही. पुष्करणीच्या कोनाड्यांमधल्या मूर्ती मात्र धुऊन लख्ख. घाटघरला धुकं, कोकणकड्यावर उभं राहून कोकणाचा फक्त वास घेतला. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच असतो, हे लोकांना माहीत नसतं आणि मग ते चिडतात.

सड्यावरची

काजव्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? मग मी भांडणाच्या तयारीनंच लिहिते.

जूनचा पहिला आठवडा, वळवाचा पाऊस नुकता पडून गेलेला. शनिवारी तळ्याभोवतीच्या रिंग रोडला गाड्यांची माळ, हेडलाइट चालू, कुठल्याशा कॅम्पवर स्पीकर लावून गाणी. काजवा उजेडानं जोडीदार शोधतो. त्याच्या तोंडावर हेडलाइट मारायचा आणि मग "या वर्षी फार नाहीत बुवा" म्हणायचं, याला काय अर्थ?

आम्ही आडवारी गेलो. उडदावण्यात ज्या घरी उतरलो तिथला मुलगा गावाबाहेरच्या पाऊलवाटेनं घेऊन गेला. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावलेला, तीही जमिनीकडे. एका जागी म्हणाला, "आता बंद करा आणि गप उभं ऱ्हावा." सुरुवातीला काहीच नाही. मग डोळे सरावले आणि सादड्याचं एक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागलं. आधी जो तो आपला आपला, मग हळूहळू एका ठेक्यात. सगळं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. शेजारच्या आंब्यावर एक नाही. विचारलं तर म्हणाला, त्यांना सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ लागतं. एक माझ्या बाहीवर येऊन बसला, पोटाच्या टोकाशी हिरवट-पिवळा ठिपका, हाताला ऊब म्हणून नाही.

माझं स्पष्ट मत: रात्री इथे गाड्यांना बंदी हवी. गावातून वाटाड्या घ्या, पायी जा. पैसेही गावात राहतील.

कातळकोर

बंदीला माझा पाठिंबा, पण घरं चालतात ती त्या गर्दीवरच, हेही खरं. साम्रदच्या ताई, तुम्ही सांगा.

साम्रदची लेक

दोन्ही खरं आहे. माझा भाऊ काजव्यांच्या त्या पंधरा दिवसांत जेवणं देतो, आणि तोच रात्री रस्त्यावर उभा राहून लोकांना लाइट बंद करा म्हणून विनवतो. गाड्या गावाच्या अलीकडे थांबवल्या तर आमच्या पोरांनाच काम मिळेल.

नवखा_पुणेकर

डिसेंबरात आठ वर्षांच्या मुलीला घेऊन यायचं आहे. रतनगड जमेल का?

गुडघेदुखी

शिड्यांपर्यंत न्या, तिथे तिचा रंग बघून ठरवा. झाडीतली वाटच इतकी छान आहे की तिथून परतलात तरी दिवस वाया जात नाही. त्र्यंबक दरवाजाची उतरण मात्र पहिल्या खेपेला नको.

कातळकोर

संगमनेर, अकोले, राजूर असे या. राजूरला पेढे घ्या, वाटेत लेकीला चढवायला उपयोगी पडतात. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, नाक्यावर पावती फाडावी लागते, सुटे पैसे ठेवा.

साम्रदची लेक

आणि जेवणाचं आदल्या दिवशी कळवा. किती माणसं, भाकरी नाचणीची की तांदळाची, तिखट कितपत, सगळं सांगा. रेंज कधी असते कधी नसते, फोन लागला नाही तर थोड्या वेळानं परत लावा.