चर्चचं काम आणि दोघांचा संसार : तुमचे अनुभव सांगा

सलाम. परवा शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून प्रभुभोजनाचे, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीचे, पेले पुसत होतो. अंगठ्याएवढे काचेचे पेले, एकूण नव्वद. हे गरम पाण्यातून एकेक काढून देतात, मी जुन्या सुती साडीच्या फडक्यानं आतून बोट फिरवून पुसते आणि तबकाच्या भोकात बसवते. काळे मनुके सकाळीच भिजत घातलेले असतात, त्यांचा रस गाळून होतो तोवर अकरा वाजतात. महिन्यातून एकदा हे काम आमच्याकडे असतं. बावीस वर्षांच्या संसारात आमचं खरं बोलणं बहुतेक या पेल्यांवरच झालं आहे. थोरलीला नर्सिंगला घालायचं की नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा हप्ता, सगळं.

म्हणून विचारावंसं वाटलं. तुमच्याकडे मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायाचं, काम दोघं मिळून करता, की एक जण चर्चमध्ये आणि दुसरा घर सांभाळायला? त्यावरून भांडणं होतात का? पंथ कोणताही असो, मोकळेपणानं लिहा. फक्त कुणा पाळकाचं, फादरचं किंवा मंडळीचं नाव घेऊन तक्रार नको.

सुरुवात माझ्यापासून करते. आम्ही नगरचे. हे मंडळीचे खजिनदार, मी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते. सुरुवातीच्या वर्षांत पाळकीय समितीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची, सभा म्हटली की माझ्या पोटात गोळा यायचा. धाकटीला ताप होता आणि हे ऑफिसातून परस्पर सभेला गेले. विषय होता देवळाच्या गळक्या छपराचा. रात्री साडेअकराला घरी आले. मी एवढंच म्हटलं, "देवळाचं छप्पर गळतं ते पंधरा जणांना दिसतं, आपलं कुणाला दिसतं?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या सभेत त्यांनी ठराव मांडला की सभा नऊच्या आत संपवायची. तो इतिवृत्तात आहे आणि आजही पाळला जातो. नवऱ्यानं माझं ऐकलं याचा आनंद होताच, पण त्या समितीतल्या इतरांच्या बायकांनी मला येऊन हात धरून आभार मानले, ते मी विसरत नाही.

वसईहून

आम्ही कॅथलिक, शेतकरी. आमचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो, कारण सोनचाफा आणि जास्वंद पहिल्या गाड्यांनी दादरला पोचायला हवा. रविवारी फुलं लवकर आटपून आम्ही सकाळच्या पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो. मालक गायकवृंदात आहेत, मी महिन्यातून एकदा बायबलचं वाचन करते.

वाचनाबद्दल सांगते, कारण आमच्या दोघांची खरी गंमत त्यातच आहे. घरी आम्ही सामवेदी, ही आमची वसईकडची बोली, बोलतो. चर्चमध्ये प्रमाण मराठी. लग्न झालं तेव्हा मला चारचौघांत ते बोलायची भीती वाटायची, "णं" आणि "नं" तर जिभेवर बसेचना. यांनी मला घरी उभं करून वाचायला लावलं. शनिवारी रात्री जेवणं झाली की मी देव्हाऱ्यासमोर उभी राहायची आणि हे दाराशी खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का ते कळावं. यांच्या आजीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये असायची. आजीला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, पण अर्थ विचारला तर हसायची. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली, त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. म्हणजे आमची पिढी नशीबवान. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा टीव्हीपुढे बसून आम्हा दोघांचे डोळे भरून आले. आमच्या वसईतला झगा घातलेला माणूस आणि समोर अख्खं मराठी!

मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे मरियामातेची जपमाळेची प्रार्थना, असते. क्रूसाला चुना लावणं, फुलांची आरास, लहान मुलांना खाऊ, हे सगळं समूहातल्या जोडप्यांकडे पाळीपाळीनं येतं. आमच्या पाळीला चाफा घरचा असतो, त्यामुळे मला त्या दिवशी फार श्रीमंत वाटतं.

एका पाळकबाईंकडून

बाईंनी "दोघं मिळून" असं विचारलं आहे. आमच्याकडे प्रश्नच नाही. पाळक म्हणून नेमणूक यांची होते, पण काम दोघांना लागतं. पगार एकाचा.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, सात बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी मिशनचं जुनं घर, उंच छत, कौलं आणि आधीच्या पाळकबाईंनी लावलेली कढीपत्त्याची किंवा लिंबाची झाडं. मी जिथं जाते तिथं आधी झाडांना पाणी घालते. कुणी लावलं ते माहीत नसतं, पण फोडणीला पान तोडताना तिचे आभार मानते.

दारावरची बेल कधीही वाजते. पहाटे तीनला कुणी गेलं म्हणून, दुपारी कुणाच्या सुनेनं घर सोडलं म्हणून. साहेब मयताच्या घरी प्रार्थनेला जातात आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून चहा टाकते, कारण तिथं त्या वेळी साखर कुठं आहे हे कुणालाच आठवत नसतं. गावातल्या निम्म्या घरांच्या साखरेचे डबे मला माहीत आहेत.

दुःख लपवून ठेवणार नाही. एका ठिकाणी चार महिने पगार झाला नाही. मुलाची फी भरायची होती. मी माझ्या पाटल्या मोडल्या. साहेबांना सांगितलं नाही, कारण रविवारी त्यांना विश्वासावर उपदेश करायचा होता आणि त्यांचा आवाज मला ठाऊक आहे, तो थरथरला असता. त्यांना कळलं सहा महिन्यांनी. त्या रात्री ते जेवले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी समितीपुढे गेले आणि स्वतःसाठी नाही, तर देवळाच्या झाडूवाल्या मावशींचा पगारही अडकला होता त्याबद्दल बोलले. दोघांचेही पैसे त्याच आठवड्यात मिळाले. मंडळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पाळकाच्या घरी दिवाळीचा फराळ आणि नाताळचा केक जरूर न्या, पण पगार वेळेवर द्या.

पुण्याहून

आम्ही दोघंही आयटीत. नोव्हेंबर संपला की आमच्या घराचा ताबा चर्चच्या तरुण संघाकडे जातो. हॉलमध्ये बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ. नाताळच्या चांदण्या अजून हातानंच करतो. डिसेंबरात रोज रात्री गाणी घेऊन घरोघरी जायचं. मागच्या वर्षी मुलगी आठ महिन्यांची होती. मी म्हटलं, यंदा तू जा, मी थांबतो. बायको म्हणाली, नको, एक दिवस तू, एक दिवस मी. शेवटच्या रात्री संघच आमच्या दारात आला आणि पोरगी ढोलकीच्या आवाजात झोपून राहिली. एवढंच सांगायचं होतं.

कोल्हापूर भागातून

माझं माहेर हिंदू आहे, वारकरी. नवरा जन्मानं ख्रिस्ती. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं, नोंदणी करून केलं. कुणीच धर्म बदलला नाही. पहिली तीन वर्षं मी रविवारी त्यांना डबा भरून द्यायचे आणि घरी थांबायचे. सासूबाईंनी एकदाही "चल" म्हटलं नाही, त्यांचे उपकार मानते.

मी पहिल्यांदा गेले ते भजनामुळे. हे घरी पेटीवर एक चाल काढत होते आणि मला वाटलं अभंग आहे. अभंगच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. मग यांनी मला टिळकांची आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या, एका घरात राहून सोवळंही पाळलं आणि स्वतःला पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. यांनी गोष्ट सांगितली आणि पुढं काही म्हटलं नाही. ते "काही न म्हणणं" मला फार मोठं वाटलं.

आज मी दर रविवारी जाते, महिला मंडळात भजनाला टाळ धरते. बाप्तिस्मा घेतलेला नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मी बाकावर बसून राहते आणि हे परत येऊन शेजारी बसले की माझा हात हातात घेतात. आषाढीला मी उपवास करते, तेव्हा साबुदाणा हेच भिजवतात. कुणी विचारतं, तुम्ही नक्की कोण? मी सांगते, या घरातली.

दुबईहून

मी नर्स, हे एका गोदामात सुपरवायझर. इथं आम्ही आलो तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, म्हणून आमचा "रविवार" शुक्रवारी. मुलगा तीन वर्षांचा होता, त्याला शुक्रवारची शब्बाथशाळाच ठाऊक. सुट्टीत गावी नेलं तर विचारायचा, आज रविवारी चर्च का? जानेवारी २०२२ पासून इथला आठवडा बदलला, शनिवार-रविवार सुट्टी झाली. तरी शुक्रवार उजाडला की यांचे पाय आपोआप ऊद मेथा या भागाकडे वळायचे. बरीच चर्चेस तिथं एकमेकांना लागून आहेत. बाहेर मल्याळी, तमिळ, कोकणी, तगालोग, सगळ्या भाषा ऐकू येतात. मराठी कुटुंबं थोडी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, चटया टाकतो आणि "उपासना संगीत" या आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकातली गाणी म्हणतो.

माझी ड्यूटी रात्रीची असेल तर आम्ही दोघं एकत्र जाऊ शकत नाही. मग हे मुलाला घेऊन जातात आणि शेवटचं गाणं सुरू झालं की फोन लावून खिशात ठेवतात. मी वॉर्डच्या पॅन्ट्रीत उभी राहून ऐकते. खिशातून येणारा आवाज कसा असतो ते परदेशात राहणाऱ्यांना कळेल.

नाव, गाव नको

मी थोडं कडू लिहितो. आमच्या मंडळीत निवडणुकीवरून दोन तट पडले. मी एका बाजूला, बायकोचे सख्खे मामा दुसऱ्या बाजूला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मी वर्षभर देवळात पाऊल टाकलं नाही. बायको जात राहिली, एकटी, दोन्ही मुलांना घेऊन. लोक तिला विचारायचे, मिस्टर कुठंत? ती म्हणायची, घरी आहेत, प्रार्थना करा. मला त्याचा राग यायचा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी पहिल्या उद्गारावर, क्षमेच्या, बोलायला बायकोचं नाव होतं. तिनं मला सांगितलंच नव्हतं. शेजाऱ्याकडून कळलं. मी उन्हात चालत गेलो आणि मागच्या दाराशी उभा राहिलो. ती माझ्याबद्दल किंवा मामांबद्दल एक अक्षर बोलली नाही. खाली उतरताना मात्र तिनं मला पाहिलं. मामांनीही पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. मी बसलो. भांडणाचं कारण अजून मिटलेलं नाही, पण आम्ही शेजारी बसतो.

श्रीरामपूरजवळून

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा असते. आमचा रसवंतीचा गाडा आहे, धंद्याचे दिवस. तरी नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, काळात एक दिवस गाडा बंद ठेवून दोघं पाणी वाटपाला उभे राहतो. पायी आलेल्या बायांच्या तळव्यांना फोड आलेले असतात. ही त्यांचे पाय धुते, मी बादल्या आणतो. सगळ्या जातीधर्माचे लोक असतात, कोण कुठला ते विचारायची वेळच येत नाही.

जालन्याहून

कापणीच्या सणाबद्दल कुणीच लिहिलं नाही! आम्ही बाजरी, दुधी, कोंबडी जे असेल ते वेदीपुढं ठेवतो आणि उपासनेनंतर लिलाव. एकदा आमच्या म्हातारीनं एकच अंडं आणलं. एकानं शंभराला घेतलं आणि परत दान केलं, दुसऱ्यानं दोनशेला. सात वेळा विकलं गेलं ते अंडं. शेवटी बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी खताचे ठेवलेले पाचशे काढले. घरी आणून तिनं ते म्हातारीलाच उकडून दिलं.

नगरहून, सेवानिवृत्त शिक्षक

बाई, तुमचे पेले वाचले आणि लिहायला बसलो. आमच्या घरी काम वाटलेलं होतं. मी कमवायचो, चर्चला किती द्यायचं ते ही ठरवायची. दर वर्षी जानेवारीत मासिक दानाची बारा पाकिटं करायची, प्रत्येकावर महिन्याचं नाव आणि खाली एक रेघ. पैसे तेव्हाच भरून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी हात आखडत नाही असं तिचं म्हणणं. शनिवारी माझ्या सदऱ्याला इस्त्री करून पाकीट खिशात ठेवून द्यायची. चाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की आत किती आहे.

ती जुलैत गेली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कपाट उघडलं तर पाच पाकिटं होती. ऑगस्ट ते डिसेंबर. मी एकेक नेऊन टाकली. ईस्टरला पहाटे मंडळी कब्रस्तानात उपासनेला जमते तेव्हा पहिल्यांदा तिच्या कबरीशी उभा राहिलो, तेव्हा तिला सांगितलं, सगळी पोचली.

त्याआधी जानेवारीत मी स्वतः बारा पाकिटं लिहायला बसलो होतो. किती भरायचे ते ठाऊक नव्हतं, तेव्हा तुमच्या ह्यांना विचारलं. त्यांनी जुनी वही काढून आकडा दाखवला. तेवढेच भरले. अक्षर तिच्यासारखं येत नाही, पण महिन्याखाली रेघ मारतो.