अझरला हॉल ऑफ फेममध्ये? माझा ठाम विरोध

सिलीपॉइंट: कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय. म्हणे, भारताचा माजी कर्णधार अझरुद्दीनला आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घ्या, मॅच फिक्सिंगच्या आरोपावरून घातलेली बंदी हायकोर्टाने 2012 मध्ये बेकायदा ठरवली, आता आक्षेप कसला! आक्षेप आमच्या घरात आहे. 1996 मध्ये कोलकात्याच्या ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने 74 चेंडूंत शतक ठोकलं. बाबांनी ते कात्रण हिशेबाच्या वहीत चिकटवलं होतं. डिसेंबर 2000 मध्ये बोर्डाने आजीव बंदी घातली, त्या रात्री त्यांनी ते नखाने खरवडून काढलं. डिंकाचा पिवळा डाग अजून आहे. त्यानंतर बाबा मॅच बघायला बसले नाहीत. हा विश्वास कुठलं कोर्ट परत देणार?

लेगग्लान्स: बाबांचं दुःख समजतं, पण दुःख म्हणजे पुरावा नव्हे. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं दुसऱ्या कुणी केलीत? बेसबॉलचा पीट रोझ बघा. 4256 हिट्स, पैज लावल्यावरून 1989 पासून बंदी. 2024 मध्ये वारला, बंदी उठली 2025 मध्ये. मेल्यावर दार उघडून कुणाचं भलं झालं?

सिलीपॉइंट: रोझने स्वतःच्या संघावर पैज लावल्याचं 2004 मध्ये कबूल केलं. त्याआधी पंधरा वर्षं नाकारत होता. त्याच्यासाठी रडू नका.

कठड्यावरचा: यादी करायचीच तर मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकरांपासून करा! प्रथम श्रेणीत 589 बळी आणि कसोटी एकही नाही. शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून मी त्यांना बघितलंय, एकाच टप्प्यावर चेंडू पडत राहायचा. मार्च 2025 मध्ये गेले. पैशाचा डाग नाही, तक्रारीचा सूर नाही. त्यांच्यासाठी कुणी धागा काढला?

लेगग्लान्स: विषय भरकटवू नका! त्याच जागेसाठी समोर डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी होते, 266 कसोटी बळी. आणि आयसीसीच्या यादीला आंतरराष्ट्रीय क्रिकेट लागतं, शिवलकर तिथे बसतच नाहीत.

कठड्यावरचा: तेच तर दुखतंय! हरियाणाचे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल, रणजीत 637 बळी, तेही बसत नाहीत. बेदींचं नाव घेऊन आम्हाला गप्प बसवायचं हे लहानपणापासून ऐकतोय.

यॉर्कर: दोघंही जरा थांबा. आमच्या गावच्या टेनिसबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये आमच्याच बोलरने शेवटच्या षटकात तीन नोबॉल टाकले. पैसे घेतल्याचं दोन वर्षांनी त्यानेच सांगितलं. तोवर माझा झेल सुटला म्हणून हरलो असं गाव मला म्हणायचं. अझरचं मला ठाऊक नाही. पण पैसे घेतल्याचं जिथे सिद्ध होतं, तिथे सोबतच्या दहा जणांचं काय, हे आधी विचारा.

लेगग्लान्स: सिद्ध झालं तर मीही विरोधात मत देईन. इथे ते झालेलं नाही.

सिलीपॉइंट: बरं, बंदी कोर्टात टिकली नाही, हे घेतो मान्य करून. इतकंच. माझं मत त्याला मिळणार नाही.

कठड्यावरचा: आणि शिवलकर?

लेगग्लान्स: त्यांच्यासाठी मुंबईने स्वतःची यादी करावी. पहिली सही माझी.