गाळ्यांचा कचरा: यंत्र आधी की वर्गीकरण आधी?

गाळा_नं_सात
एका व्यापारी संकुलात दहा गाळे आहेत. दोन उपाहारगृहं, एक छपाईवाला, एक लाकडी फर्निचरचा कारखाना, एक मोबाईल दुरुस्ती, बाकी किरकोळ विक्री. सगळ्यांचा कचरा मागे एकाच कोपऱ्यात जमतो. ओला कचरा रोज अंदाजे ४० किलो. पुठ्ठा भरपूर निघतो, पण भंगारवाला त्यातला निम्मा तिथेच टाकून जातो. एका विक्रेत्याने '२४ तासांत खत' करून देणारं यंत्र सुचवलं आहे. ते घ्यावं का? मागे मोकळी जागा साधारण चार मीटर बाय सहा मीटर आहे. पुठ्ठा का नाकारला जातो आणि सुरुवात कुठून करायची, हेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तराजू
'अंदाजे' हा शब्द आधी खोडा. सलग सात दिवस, दुकानं बंद व्हायच्या वेळी, प्रत्येक गाळ्याचा कचरा टांगत्या काट्यावर तोला आणि वहीत लिहा. सातच दिवस का, तर आठवड्यातला एखादा वार नेहमी दुप्पट निघतो आणि डबे त्या वाराच्या हिशोबाने लागतात, सरासरीच्या नाही.

रकाने असे ठेवा: ओला, पुठ्ठा-कागद, प्लास्टिक, काच-धातू, घातक (बॅटऱ्या, थिनरसारखे सॉल्व्हंट, ट्यूबलाईट) आणि उरलेलं. उपाहारगृहांचा ओला कचराही तीन भागांत तोला: चिरताना निघालेलं, फ्रीजमध्ये खराब झालेलं, ताटात उरलेलं. खराब झालेलं जास्त असेल तर तो प्रश्न खरेदीचा आहे. ताटातलं जास्त असेल तर वाढायच्या मापाचा. खताच्या खड्ड्याने यातलं काहीच सुटत नाही. फक्त चिरताना निघालेलं टळत नाही, त्याला खताची वाट आहे.

ओल्यासाठी २४० लिटरचे चाकवाले डबे घेऊ नका. भरल्यावर शंभर किलोच्या वर जातात, उंबरठ्यावरून एकट्या माणसाला ढकलवत नाहीत, मग कोणीतरी ते आडवे करून ओढतं. १२० लिटरचे घ्या. पुठ्ठ्याला मात्र मोठेच डबे हवेत, कारण तिथे वजन नाही, आकारमान नडतं.

पुठ्ठेबहाद्दर
पुठ्ठा परत टाकण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच, पाणी आणि तेल. दोन्ही तुमच्या त्या एकाच कोपऱ्यातून येतात. ओल्या कचऱ्याच्या पिशवीतलं पाणी गळतं, खालचा पुठ्ठा ते शोषून घेतो, आणि भंगारवाल्याने गठ्ठ्याच्या मध्यात हात घातला की तो थंड लागतो. भिजलेल्याचं वजन खोटं भरतं आणि तो लवकर कुजतो, म्हणून कोणी घेत नाही. तेलाचं दुखणं वेगळं. लगद्यात तेल धाग्यांपासून नीट सुटत नाही, नव्या कागदावर डाग आणि भोकं पडतात. तेलकट डब्याचं स्वच्छ झाकण फाडून पुठ्ठ्यात घालता येतं, डागाळलेला तळ नाही.

तेव्हा पुठ्ठा आतच, छपराखाली, लाकडी पॅलेटवर ठेवा. जमिनीला टेकू देऊ नका. खोकी उघडून सपाट करा, २० ते २५ किलोचे गठ्ठे सुतळीने बांधा. टेप आणि पिना थोड्या राहिल्या तरी चालतात, कारखान्यात चाळणीत निघतात. थर्माकोल, फुगेवालं प्लास्टिक आणि मेण लावलेली खोकी चालत नाहीत.

छपाईवाल्याला वेगळं सांगा. पांढऱ्या कागदाच्या कातरणी स्वतंत्र ठेवल्या तर त्यांना सगळ्यात चांगला भाव मिळतो, त्यात रंगीत मिसळलं की तो भाव गेला. लॅमिनेशन केलेला कागद आणि स्टिकरमागची गुळगुळीत पट्टी यांना कागद समजू नका, त्या पट्टीवर सिलिकॉन असतं. गल्ल्यावरच्या पावत्याही रद्दीत नकोत, उष्णतेने उमटणाऱ्या त्या कागदावर बहुधा बिस्फेनॉल जातीची रसायनं असतात. चहा-कॉफीच्या कागदी कपांना आतून पॉलिथिनचा थर असतो, साध्या कागद कारखान्यात तो सुटत नाही.

कुजबुज
यंत्राबद्दल. २४ तासांत खत होत नाही. सूक्ष्मजीवांना घाई नसते. ते यंत्र कचरा दळतं, तापवतं आणि वाळवतं. बाहेर पडणारी तपकिरी भुकटी दिसायला खतासारखी असते, पण ती वाळलेलं अन्न असते. ती ओली करून ठेवा, दोन दिवसांत बुरशी धरते आणि वास सुटतो. तशीच झाडाच्या मुळाशी घातली तर मातीत कुजायला लागते आणि कुजताना मुळांशी नत्र-प्राणवायूसाठी भांडते.

विजेचा हिशोब स्वतः करून बघा. ४० किलो कचऱ्यात ८०% पाणी म्हणजे ३२ लिटर पाणी आणि ८ किलो कोरडा भाग. भुकटीत २०% ओल ठेवली तर १० किलो भुकटी उरते आणि ३० लिटर पाणी उडवावं लागतं. एवढ्या पाण्याची वाफ करायला, यंत्रात काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, रोज वीसेक युनिट लागतात. प्रत्यक्षात जास्तच.

तुमच्याकडे जागा आहे, तेव्हा कप्पे बांधा. मापं देतो. प्रत्येक कप्पा सव्वा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, एक मीटर उंच. यापेक्षा लहान केला तर ढिगाची ऊब टिकत नाही, फार उंच केला तर तळाला हवा पोचत नाही. तीन बाजूंना फटी ठेवलेल्या फळ्या, समोर वरून सरकवून काढता येतील अशा आडव्या पट्ट्या. तळाला हातभर अंतरावर भोकं पाडलेले चार इंची पाईप, त्यावर जाड फांद्यांचा वीतभर थर. फांद्या नसतील तर पाईपांची भोकं महिन्याभरात चिखलाने बुजतात. असे सहा कप्पे. आठवड्याला एक भरतो, तीन-चार आठवड्यांत तो निम्म्यावर बसतो, मग दोन शेजारी कप्पे एकात ओतायचे.

आता मिश्रण. ओलाव्याचं लक्ष्य ६०% धरा. ४० किलो ओल्या कचऱ्याला, १५% ओल असलेला कोरडा पाला साधारण १८ किलो लागतो. हिशोब सोपा आहे: ३२ अधिक २.७, म्हणजे ३४.७ लिटर पाणी ५८ किलोत, जवळपास ६०%. १८ किलो ऐकायला थोडा वाटतो, पण आकारमानाने ओल्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. इथेच सगळे चुकतात. ओला कचरा रोज येतो, पाला वर्षातून एकदाच पडतो. तो पडेल तेव्हा पोत्यांत भरून छपराखाली साठवला नाही, तर तिसऱ्या महिन्यात तुमचा प्रकल्प उकिरडा होतो.

मूठ परीक्षा: मिश्रण मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब चमकावेत, धार लागू नये. उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा.

रोज ओल्याचा थर, लगेच पाल्याचा थर, कडेला काही चिकटू द्यायचं नाही. सगळ्यात वर वीतभर कोरडा थर कायम. चिलटं आणि अळ्या तिथेच अडतात. जुन्या खताचं एक घमेलं पहिल्या थरात विरजणासारखं घाला, बाजारचं कल्चर लागत नाही. दोन-चार दिवसांत मध्यभाग ५५ अंशांवर जायला हवा. लांब दांड्याचा तापमापक घ्या. ६५ च्या वर गेला की पलटा, नाहीतर कामाचे जीवाणूच मरतात.

गाळा_नं_सात
इतकं मोजून लिहिलंत, आभार! वाचनखूण साठवली. दोन शंका. फर्निचरवाल्याकडे भुसा ढीगभर पडलेला असतो, पाल्याऐवजी तोच वापरला तर? आणि वास आला तर समजायचं काय?

कुजबुज
भुसा वापरा, पण जपून. पाल्यात कार्बन-नत्राचं प्रमाण ४० ते ८० ला १ असतं, भुशात कित्येक शेकड्यांना १. मिश्रणात ते २५ ते ३५ च्या आसपास हवं. नुसता भुसा घातला तर वास येत नाही, सगळे खूश होतात, आणि ढीग तीन महिने थंडगार पडून राहतो. कोरड्या भागात निम्मा पाला, पाव भुसा, पाव फाडलेला साधा पुठ्ठा असं ठेवा. पुठ्ठेबहाद्दरांनी नाकारलेला भिजका पुठ्ठा इथे खपतो, तेलकट नसला तर उत्तमच.

भुसा घेण्याआधी विचारा, तो कशाचा. नुसत्या लाकडाचा चालेल. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड किंवा पॉलिश मारलेल्या लाकडाचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. करवतीखालची पिशवी एकच असेल तर सगळा भुसा मिसळलेलाच धरा आणि सोडून द्या.

वासाचं: नाकात झोंबणारा अमोनिया आला तर नत्र जास्त झालं आहे, कोरडा भाग घालून पलटा. सडक्या अंड्याचा आला तर हवा कोंडली आहे. नुसता पाला वरून पसरून उपयोग नाही, आतून फोडून पलटावंच लागतं. आंबूस आला तर शिजलेलं अन्न एकाच जागी ढीग करून टाकलंय. मांस-हाडं पहिले काही महिने घालूच नका. तळाशी पाणी साचत असेल तर ते भांड्यात धरून कोरड्या थरावर परत ओता. ते सरळ झाडांना घालायचं टॉनिक नव्हे.

आठ आठवड्यांनी बाहेर काढून छपराखाली आणखी महिनाभर मुरवा. तयार झालं का बघायला ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसातल्या मातीचा वास आला तर झालं. आंबट आला तर परत ढिगात.

चारआणे
थोडा वेगळा सूर. जिथे मोकळी जागा हातभरही नाही, तिथे वाळवण्याच्या यंत्रालाही अर्थ आहे. ४० किलोचे १० किलो होतात, वास थांबतो, गाडीच्या फेऱ्या कमी होतात. फक्त त्या भुकटीला खत म्हणून विकू नका, पुढे कंपोस्ट करणाऱ्याकडे ती द्या.

कुजबुज
मान्य. या जागेत मात्र ते नको.

तेलतवंग
उपाहारगृहांचं तळणीचं तेल मोरीत जाता कामा नये. थंड करा, बारीक जाळीतून गाळा, झाकणबंद कॅनमध्ये भरा, उन्हात ठेवू नका. गाळ आणि पाणी राहिलं तर तेल आम्ल होतं, आणि बायोडिझेल करताना त्याचा साबण बनतो, म्हणून खरेदीदार नाक मुरडतो. त्यात कोणी इंजिन ऑइलचा अर्धा ग्लास ओतला तरी पूर्ण कॅन घातक कचऱ्यात.

ग्रीस ट्रॅप (मोरीच्या वाटेवर चरबी अडवणारी टाकी) असेल तर चरबीचा वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्श्याला पोचले की उपसा. उकळतं पाणी ओतून 'साफ' करणारे फसतात. चरबी वितळून ट्रॅपमधून पार होते आणि पुढच्या नळीत, जिथे हात पोचत नाही तिथे, गोठते.

तराजू
प्लास्टिकचं थोडक्यात. त्रिकोणातला आकडा बघा: १ पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), २ आणि ४ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन. बाकीच्यांना गिऱ्हाईक क्वचित. आकडा नसेल तर तुकडा पाण्यात दाबून सोडा, २, ४ आणि ५ तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. 'कुजणारे' म्हणून मिळणारे पारदर्शक पीएलए (वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकचे) कप हुबेहूब पेटसारखे दिसतात आणि तेही बुडतात. ते पेटच्या पिशवीत गेले तर माल बिघडतो, तुमच्या कप्प्यात टाकले तर नीट कुजत नाहीत. त्यांना कारखान्यातल्या कंपोस्टचा सततचा ६० अंशांजवळचा ताप लागतो. सरळ टाळा.

चकचकीत वेष्टण मुठीत चुरगळा. चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियम, पुसून धातूत. उलगडलं तर ते प्लास्टिक, 'उरलेलं' मध्ये.

गाळा_नं_सात
मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या खोक्यात एकावर एक पडल्या आहेत. वर्गीकरण सुरू होईल तोवर त्यांचं काय करू?

चारआणे
तोवर नाही, आत्ताच. त्या खोक्यातून सुट्या करा, पण टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावून 'बघू' नका. प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत एकेक अंतर ठेवून पुरा, झाकण नुसतं टेकवा, आवळू नका, आत वायू झाला तर त्याला वाट हवी. डबा इमारतीबाहेर, सावलीत, पावसापासून आडोशाला, पुठ्ठ्याच्या पॅलेटपासून दूर. साठू देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याला आधी फोन करून 'फुगलेल्या आहेत' असं स्पष्ट सांगा. फर्निचरवाल्याच्या तेल-पॉलिशच्या चिंध्यांनाही घट्ट झाकणाचा वेगळा पत्र्याचा डबा द्या आणि त्यात पाणी भरा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून पडल्या की काडी न लावताही पेटतात.