नवीन लेबर कोड: बेसिक 50 टक्के केलं की काम संपलं का?

भोसरी_युनिट:
22 जणांचं युनिट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लेबर कोड (नव्या कामगार कायद्यांच्या संहिता) लागू झाले. कन्सल्टंट म्हणतो, बेसिक सीटीसीच्या (कंपनीला एका माणसामागे पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) 50 टक्के करा, बाकी काही बघू नका. एकाचा पगार असा: बेसिक 15,000, एचआरए 7,500, कन्व्हेयन्स 3,000, स्पेशल अलाउन्स 12,700, कंपनीचा पीएफ 1,800. एकूण 40,000. बेसिक 20,000 केलं की भागेल? हातात पगार कमी येईल का? आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) आता सगळ्यांनाच एका वर्षात का?

पेरोल_टेबल:
बेसिक 50 टक्के करा असं कोडमध्ये कुठेच म्हटलेलं नाही. 'वेतना'त आधी सगळंच धरायचं, मग यादीतले घटक वगळायचे: एचआरए, कन्व्हेयन्स, कंपनीचा पीएफ, बोनस, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे. स्पेशल अलाउन्स त्या यादीत नाही. म्हणजे तुमचं वेतन आजच 15,000 + 12,700 = 27,700 आहे, बेसिकला हात न लावता.

50 टक्क्यांची चाळणी त्यानंतर: वगळलेली रक्कम एकूणच्या निम्म्यावर गेली तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. वगळलेली रक्कम 12,300, निम्म्याच्या (20,000) आत, त्यामुळे परत मिळवायचं काही नाही. उद्या सगळा स्पेशल अलाउन्स एचआरएत ढकललात तर वगळलेली रक्कम 25,000 होईल, वरचे 5,000 वेतनात परत येतील आणि वेतन 20,000 वर थांबेल. त्याखाली ते जाणारच नाही. पण केवळ नाव बदलून केलेली अशी फिरवाफिरवी तपासणीत टिकेल यावर माझा फारसा विश्वास नाही.

ओव्हरटाइमचा दुप्पट दरही याच वेतनावर धरा. सॉफ्टवेअरमध्ये तो अजून बेसिकवर असेल, तर तिथेच गफलत होते.

ग्रॅच्युइटी_हिशेब:
पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापत असाल तर कपात 1,800 च राहते, हातातला पगार घटत नाही. खरा बोजा ग्रॅच्युइटीचा. वेतन × 15 ÷ 26 हा हिशेब दर वर्षाला 15,000 वर 8,654 येतो, 27,700 वर 15,981. शिवाय शेवटचं वेतन धरून जुनी सगळी वर्षं मोजायची असतात, त्यामुळे जुन्या माणसांसाठी हिशेबात बाजूला ठेवायची रक्कम एकदम फुगते. ताळेबंदाआधी हे सीएंना सांगा.

एका वर्षाची सवलत फक्त मुदतीच्या करारावरच्यांना. कायम कामगारांना पाच वर्षंच.

भोसरी_युनिट:
मग करार 11 महिन्यांचे केले तर?

ग्रॅच्युइटी_हिशेब:
भरवसा ठेवू नका. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं तर वर्ष धरायची तरतूद आहे, आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर 11 महिन्यांत 280 च्या वर दिवस होतात.

पेरोल_टेबल:
एक राहिलं. राजीनामा असो वा काढून टाकणं, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटीला 30 दिवस. 'फुल अँड फायनल (शेवटचा सगळा हिशेब) 45 दिवसांत' ही ओळ नियुक्तिपत्रातून काढा. अडतं ते नो-ड्यूजपाशी (काही देणं बाकी नाही याची खात्री): स्टोअरची सही, हत्यारं, ॲडव्हान्सचा हिशेब. हे शेवटच्या दिवसाआधीच उरका, कारण एकूण कपात वेतनाच्या 50 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मोठा ॲडव्हान्स शेवटच्या पगारातून एका फटक्यात वसूल होणार नाही, तेव्हा हप्ते आधीपासून लावा.