विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सहल – स्टील्स रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे?

मंडळी,
परवान्याचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत. गेल्या वर्षीच्या धुराचा विषय कार्यकारिणीत परत निघाला. माईंचं म्हणणं, टोरंटोची हद्द म्हणजे स्टील्स ओलांडून मार्कमला मिल्न डॅम पार्कात जाऊ, तिथे उघड्यावर गांजा ओढायला बंदी आहे. टोरंटोत तशी सरसकट नाही. फक्त मत कळवा. मिसळीचा विषय इथे काढू नये.
– सचिव

---

बंदी तर मिसिसागातही होती ना? मग तिकडे का नाही? आम्ही पश्चिमेकडच्यांनी दरवर्षी ४०१ हायवेवर अडकायचं, हे काय कुठे लिहून ठेवलंय?
– अण्णा

---

अण्णा, गांजाचं दुकान वेगळं, धूर वेगळा. मिसिसागाने डिसेंबर २०१८मध्ये दुकानांना नाही म्हटलं होतं, २०२३मध्ये तीही येऊ दिली. ओढण्याचा नियम ऑन्टारियो प्रांताचा: साधारण जिथे सिगारेट चालते तिथे हेही चालतं. मुलांच्या प्लेग्राउंडपासून २० मीटरच्या आत नाही, खेळाच्या मैदानापासूनही तेवढंच. मार्कमने दुकानं तर नाकारलीच, वर स्वतःचा बायलॉ केला की ओढायचं तर खाजगी जागेत ओढा. म्हणजे स्टील्स ओलांडली की तोच झुरका दंडाला पात्र.

पण त्यासाठी पार्क बदलायची गरज नाही. टोरंटोतच प्लेग्राउंडला खेटून टेबलं घ्या, २० मीटर आयते मिळतात. मोजायला टेप मी आणतो.
– नाना

---

नाना, मागचा टेप अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे, तो आधी घेऊन जा. आणि धूर काय टेप बघून थांबतो? प्लेग्राउंडला खेटून बसलं की श्रीखंडात वाळू, ते वेगळंच.
– वहिनी

---

एवढा बाऊ कशाला? २०१५च्या सिंहस्थात तपोवनात साधूंच्या चिलमींच्या धुरातून आईला हाताला धरून नेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भलताच उग्र धूप आहे रे." भारताच्या १९८५च्या कायद्यातही नुसती पानं गांजात धरत नाहीत, म्हणून तर भांग चालते.
– बापू

---

बापू, सहलीत थंडाई ठेवायचा विचार असेल तर आत्ताच नाही म्हणते.

नानांना: बायलॉ असला की निदान बोट दाखवून सांगता येतं. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावर जाऊन बोलायला कोण उठलं होतं? सगळे एकदम अंताक्षरीत रंगले. शेवटी मीच गेले. पोरं बिचारी "सॉरी आंटी" म्हणून लांब गेली, आणि वारा फिरला.
– माई

---

म्हणजे सांगितल्यावर ऐकलं. मग मार्कम कशाला? मार्कममध्ये राहणारे तुम्ही दोघंच, म्हणून?
– अण्णा

---

अण्णा, दोघं नाही, सात कुटुंबं. यादी पाठवू?
– माई

---

यादी नको. उद्या शुक्रवार. आतापर्यंत मतं: मार्कम एक, टोरंटो एक, टेप एक.
– सचिव